करवीर प्रांतांतील शिळाछाप चित्रें : त्यांची परीक्षा व जतन

करवीर व आसपासच्या प्रांतांतील जुन्या वाड्यांतून ऐतिहासिक कागदपत्रांचा शोध शंभर-सव्वाशें वर्षें चालू आहे. कै. वासुदेवशास्त्री खरे यांनीं मिरजेस राहून पटवर्धनी दप्तरांतून ऐतिहासिक लेखसंग्रह सिद्ध केला, तेव्हांपासून या भागांतील दप्तरें, बखरी व सनदा यांकडे संशोधकांचें लक्ष लागून राहिलें आहे. परंतु ज्या माजघरांत बसून हे रुमाल सोडले गेले, त्याच माजघराच्या भिंतीवर टांगलेलीं छापील चित्रें साधन म्हणून फारच थोड्यांनीं पाहिलीं. रामपंचायतन, लक्ष्मी, सरस्वती, शिवछत्रपति, नाना फडणवीस अशीं हीं चित्रें घरोघर होतीं, म्हणूनच त्यांची किंमत कोणास वाटली नाहीं. वाडा पाडतांना सागवानी चौकटीस व काचेस गिऱ्हाईक मिळतें. आंतील कागद रद्दींत जातो. कोणी हौशी गृहस्थ तो ठेवतोच, तर नव्या चौकटींत बसावा म्हणून त्याच्या चारी कडा कापवून घेतो. या दुसऱ्या प्रकारानें होणारी हानि पहिलीहून पुष्कळ हलकी, असा सामान्य समज आहे. आमच्या मतें कडा गेलेलें चित्र म्हणजे शिक्का व मिति फाडून टाकलेली सनद होय. तिचा मजकूर वाचतां येतो, पण ती साक्षीस उभी करतां येत नाहीं. अशा चित्राची परीक्षा कशी करावी व तें टिकवावें कसें, या दोन प्रश्नांचा येथें एकत्रच विचार केला आहे, कारण जतनाच्या पुष्कळशा चुका परीक्षेच्या अज्ञानांतून होतात.

प्रथम या चित्रांची घडण पाहूं. इ. स. १७९८ च्या सुमारास आलोइस सेनेफेल्डर या जर्मन गृहस्थानें शिळाछापाची कृति सिद्ध केली. बव्हेरियांतील झोल्नहोफेन येथील चुनखडीच्या घोटीव शिळेवर तेलकट खडूनें अगर शाईनें चित्र काढावयाचें, शिळा पाण्यानें भिजवावयाची व तिजवर तेलकट शाईचा रूळ फिरवावयाचा. तेल व पाणी यांचें वैर असल्यामुळें शाई चित्रावरच बसते, ओल्या भागावर बसत नाहीं. रंगीत चित्रास प्रत्येक रंगाची शिळा वेगळी लागते, आणि एकाच कागदावर एकामागून एक सर्व शिळांचे ठसे अचूक जुळवावे लागतात. छापून झाल्यावर कांहीं चित्रांवर कापडाच्या पोताचा दाब देऊन वर रोगण चढवीत, म्हणजे तें तैलचित्रासारखें दिसे. यासच ओलिओग्राफ म्हणत. घरांतील वडीलधाऱ्यांनीं ज्यास ‘रविवर्म्याच्या हातचें चित्र’ म्हणून सांगितलें, तें बहुधा असें छापील चित्र असतें. यांत कमीपणा कांहीं नाहीं. परंतु हातचें चित्र व छापील चित्र यांची परीक्षा एका मापानें होत नाहीं.

आपल्या प्रांतास या विद्येची ओळख मात्र शिळाछापाच्याहि आधींची आहे. नाना फडणवीस यांच्या हयातींत पुण्यास एका तांबट कारागिराकडून तांब्यावर देवनागरी अक्षरें कोरविण्याचा उपक्रम सुरू झाला होता. १८०० सालीं नाना निवर्तल्यावर तो कारागीर मिरजेस गंगाधरराव पटवर्धन यांच्या आश्रयास आला, आणि १८०५ सालीं तेथें भगवद्गीता छापली गेली. तींत सुटे खिळे नाहींत. कोरलेल्या पत्र्यांवरून ठसे घेतलेले आहेत. म्हणजे कोल्हापुरापासून जवळच, इंग्रजी अंमल येथें बसण्यापूर्वीं, छाप उमटविण्याची कला नांदत होती. ग्रंथमुद्रणाच्या इतिहासांत या गीतेचा उल्लेख येतो; चित्रमुद्रणाच्या इतिहासांतहि तिला पहिलें पान द्यावें, असें आम्हांस वाटतें, कारण त्या तांबटानें अक्षर हें चित्र म्हणूनच कोरलें आहे.

पुढें १८७८ सालीं विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनीं बाळकृष्णपंत जोशी व शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या साह्यानें पुण्यास चित्रशाळा काढली. देवदेवतांबरोबर मराठेशाहींतील पुरुषांचीं चित्रेंहि स्वस्त दरानें घरोघर पोंचावीं, हा त्या उद्योगाचा रोख होता. १८९४ सालीं राजा रविवर्मा व त्यांचे बंधु राजराज वर्मा यांनीं मुंबईस आपला छापखाना घातला. ‘शकुंतलाजन्म’ हें तेथील पहिलें चित्र. प्लेगच्या धामधुमींत, १८९९ सालीं, तो लोणावळ्यानजीक मळवली येथें हलविण्यांत आला, आणि नव्या शतकाच्या आरंभींच फ्रिट्झ श्लायखर या जर्मन गृहस्थाच्या मालकीचा झाला. त्यानंतर रविवर्म्याखेरीज इतरांचीहि चित्रें तेथें निघूं लागलीं. त्यांत कोल्हापुरास १८६७ सालीं जन्मलेले महादेव विश्वनाथ धुरंधर हे प्रमुख होत. १९७२ सालीं लागलेल्या आगींत या छापखान्याचा बहुतेक संग्रह जळाला. शिळा व दप्तर यांचा आधार असा गेल्यामुळें, घराघरांतून राहिलेले ठसे हाच आतां त्या उद्योगाचा मुख्य पुरावा आहे. कलामहर्षि बाबूराव पेंटर यांनीं महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या चित्रपटांसाठीं काढलेल्या जाहिरातींचीहि हीच कथा. ‘कल्याण खजिना’ (१९२४) या चित्रपटाची रंगीत जाहिरात ही भारतांतील उपलब्ध चित्रपट-जाहिरातींत जुन्यांत जुन्या म्हणून गणली जाते. ज्या गांवच्या भिंतींवर अशीं चित्रें लागत असत, त्या गांवांत त्यांतील किती राहिलीं असावींत याचा विचार वाचकांनींच करावा.

आतां परीक्षा. चित्र हातीं आल्याबरोबर देवतेच्या मुखाकडे न पाहतां प्रथम खालची कड पाहावी. तेथें चित्राचें नांव, छापखान्याचें नांव व गांव, क्वचित् अनुक्रमांक व हक्क राखल्याची नोंद बारीक अक्षरांत असते. रविवर्मा छापखान्याच्या चित्रावर कार्ला, मळवली अथवा लोणावळें यांपैकीं कोणताहि पत्ता असेल, तर तो ठसा १८९९ पूर्वींचा नव्हे, हें निर्विवाद; मुंबईचा पत्ता असेल तर स्थलांतरापूर्वींचा असण्याचा संभव वाढतो. कित्येक चित्रें खास हिंदुस्थानच्या बाजारासाठीं जर्मनींत छापून येत, तीहि गोष्ट कडेवरूनच कळते. एवढा सर्व इतिहास अर्ध्या इंचाच्या पट्टींत असतो व चौकटवाल्याच्या कात्रीखालीं प्रथम तीच जाते.

येथें एक भ्रम दूर केला पाहिजे. चित्राच्या कोपऱ्यांत चित्रकाराची सही व इसवी सन असतो, तो पाहून ‘हें चित्र १८९६ चें’ असें पुष्कळ लोक छातीठोकपणें सांगतात. तो सन मूळ तैलचित्राचा होय. शिळेवर चित्र उतरविणाऱ्या कारागिरानें सहीसकट सर्व कांहीं उतरविलें, आणि त्या शिळेवरून किंवा तिच्या नकलेवरून पुढें कित्येक वर्षें ठसे निघत राहिले. सहीचा सन व छापाचा सन यांत वीस-तीस वर्षांचें अंतर सहज पडूं शकतें. दप्तरांत जसा अस्सल कागद, नक्कल व नकलेची नक्कल यांचा भेद आपण करतों, तसाच येथेंहि केला पाहिजे.

दहापट मोठें दाखविणारें भिंग घेऊन चित्राचा गाल किंवा आकाशाचा भाग पाहावा. शिळाछापांत खडूचे कण वेडेवाकडे, लहानमोठे, वाळूच्या दाण्यांसारखे विखुरलेले दिसतात व रंगाच्या कडा एकमेकींवर किंचित् चढलेल्या असतात. त्याच जागीं सारख्या अंतरावरचे, ओळींत बसलेले, फुलाच्या पाकळ्यांसारखे गुंफलेले ठिपके दिसले, तर तें छायाचित्रावरून यंत्रानें केलेलें पुढील काळांतील मुद्रण समजावें. संगणकावरून कापडावर उठविलेल्या आजकालच्या नकलांत अतिसूक्ष्म फवाऱ्याचे तुषार दिसतात. त्यांस पिवळटपणा आणण्यासाठीं चहाचें पाणी लावलेलें असलें, तरी भिंगास चहा चढत नाहीं. कागदाचीहि साक्ष घ्यावी. सुमारें १९५० नंतरच्या पुष्कळ कागदांत शुभ्रता आणणारीं रासायनिक द्रव्यें घातलेलीं असतात. अंधाऱ्या खोलींत जंबुपार किरणांच्या दिव्याखालीं असा कागद निळसर चमकतो. जुन्या म्हणविल्या जाणाऱ्या चित्राचा कागद असा चमकला, तर त्याविषयीं अधिक वाद घालण्याचें कारण उरत नाहीं. उलट, न चमकणारा प्रत्येक कागद जुनाच, असें मात्र म्हणतां येत नाहीं.

इतिहासकारानें आणखी एका गोष्टीविषयीं सावध राहावें. पत्र्यावर अगर शिळेवर जसें चित्र काढावें, त्याच्या उलट बाजूनें तें कागदावर उमटतें. चतुर कारागीर मुळांतच उलटें कोरतो, अथवा आधीं कागदावर काढून मग शिळेवर उतरवितो. परंतु प्रत्येकानें ही काळजी घेतलीच असेल असें नाहीं. यास्तव तलवार कोणत्या कमरेस आहे, अंगरख्याचे बंद कोणत्या कुशीस बांधले आहेत, यांवरून छापील चित्राच्या आधारें सिद्धान्त मांडण्यापूर्वीं मूळ रेखन शोधावें. व्हॅलेंटाइन या डच ग्रंथकाराच्या १७२४ ते १७२६ या वर्षांत निघालेल्या ग्रंथांत शिवछत्रपतींचें चित्र आहे, तेंहि तांब्यावर कोरून छापलेलेंच आहे. वा. सी. बेंद्रे यांनीं १९३३ सालीं त्याकडे महाराष्ट्राचें लक्ष वेधलें. त्याची योग्यता मोठी आहे यांत संशय नाहीं. तथापि युरोपांतील कोरणाऱ्यानें महाराजांस पाहिलेलें नव्हतें, त्यानें हातीं आलेल्या चित्राचा अनुवाद केला, हें विसरून त्यांतील प्रत्येक रेषेस प्रत्यक्षदर्शी पुरावा मानणें धाडसाचें होईल. पुढील काळांत कोल्हापूरचे चित्रकार जी. कांबळे यांनीं काढलेलें महाराजांचें चित्र महाराष्ट्र शासनानें अधिकृत म्हणून स्वीकारलें व त्याच्या असंख्य प्रती निघाल्या. शंभर वर्षांनीं त्या प्रतींचा काल ठरवूं पाहणारासहि कडेचाच आधार घ्यावा लागेल.

छापील चित्र हातचें म्हणून खपणें हा प्रकार आपल्याकडेच आहे असें नाहीं. लांकडी ठशांवरून कागदावर छापण्याची कला चीन देशांत फार पुरातन, इ. स. ८६८ चें वज्रच्छेदिकासूत्र चित्रासह छापलेलें आज लंडनमध्यें आहे. पेकिंग येथील रोंगबाओझाय या पेढीनें ची बायशी प्रभृति चित्रकारांच्या कुंचल्याच्या चित्रांच्या ठोकळ्यांवरून काढलेल्या नकला इतक्या हुबेहूब असतात कीं, त्या अस्सल चित्रें म्हणून विकल्या जातात. आधुनिक चिनी मुद्राचित्र कोणाच्या संग्रहीं आल्यास त्याची परीक्षा दोन प्रकारें करावी. आजचा मुद्राचित्रकार, मग तो चिनी असो वा कोल्हापूरचा, चित्राखालच्या कोऱ्या कडेवर शिसपेन्सिलीनें सही करतो व १२/५० असा आंकडा घालतो. याचा अर्थ पन्नास ठशांपैकीं बारावा. हा आंकडा पेन्सिलीचा आहे कीं छापलेला, हें भिंगानें पाहावें. दुसरी गोष्ट शाईची. लू शुन यांनीं १९३१ सालीं शांघायांत तरुणांसाठीं काष्ठकोरीव चित्रांचा वर्ग भरविला. त्यांतून निघालेल्या संप्रदायाचे ठसे तेलकट शाईचे असतात. आमच्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३९ सालीं येनानला पोंचले, तेव्हां तेथें लू शुन यांच्याच नांवाची कलाशाळा चालू होती व अशीं चित्रें छापलीं जात होतीं. उलटपक्षीं रोंगबाओझायच्या पद्धतीचे ठसे पाण्याच्या रंगांचे असून झाडाच्या सालीच्या व भाताच्या पेंढ्याच्या मऊ श्वेन कागदावर असतात. रविवर्म्याच्या चित्रावर पाण्याचा थेंब पडला तर बहुधा कागदच डागळतो. या चित्रावर पडला तर चित्र वाहून जाण्याची भीति. शाई न ओळखतां जतनास हात घालूं नये, तो यासाठीं.

किंमतीविषयीं थोडेंच लिहितों. रविवर्मा वा चित्रशाळा यांच्या चित्रांस ठशांची मर्यादा नव्हती, म्हणून ‘मर्यादित प्रत’ ही आजची कसोटी त्यांस लावूं नये. कडा शाबूत आहेत कीं नाहींत, रंग उडाला आहे कीं नाहीं, चित्र कोणत्या घरांतून आलें याची खात्री आहे कीं नाहीं, आणि तो विषय दुर्मिळ आहे कीं नाहीं, यांवर मोल ठरतें. लक्ष्मी व सरस्वती पुष्कळ मिळतात. एखाद्या स्थानिक उत्सवाचें वा दुकानाच्या जाहिरातीचें साधें चित्र अधिक मोलाचें असूं शकेल. शंभर वर्षांवरील कलावस्तु १९७२ च्या पुरावस्तु कायद्याच्या कक्षेंत येतात व सरकारी परवान्यावांचून परदेशीं नेतां येत नाहींत, हेंहि विकणारांनीं व घेणारांनीं ध्यानांत ठेवावें.

जतनाचा विचार करतांना कोल्हापूरची हवा प्रथम पाहिली पाहिजे. मृगापासून हस्तापर्यंत भिंती ओल धरतात. अशा भिंतीला पाठ लावून टांगलेल्या चित्रास बुरशी येते, कसर लागते, व भिंतींतून वाळवीहि चौकटींत शिरते. चित्र आंतल्या कोरड्या भिंतीवर, मागें बोटभर फट राहील असें, टेकणी लावून टांगावें. उन्हाचा कवडसा त्यावर येऊं देऊं नये; उडालेला रंग कोणत्याहि उपायानें परत येत नाहीं. जुन्या चौकटींत कागदाच्या मागें लांकडी फळी व वर्तमानपत्राचा कागद घालण्याची रीत होती. फळींतील व रद्दी कागदांतील आम्ल चित्रांत उतरतें, आणि फळीच्या गांठींचे तपकिरी डाग देवतेच्या अंगावर उमटतात. ती फळी काढून आम्लरहित पुठ्ठा घालावा. परंतु फळीवर चौकटवाल्याची चिठ्ठी अगर घरच्या कोणाचें लिखाण असेल तर तें जपून ठेवावें. चित्र व काच यांमध्यें पुठ्ठ्याची पोकळ चौकट घालून अंतर ठेवावें, नाहींतर दमट हवेंत रोगण काचेस चिकटतें.

फाटलेल्या जागीं चिकटपट्टी लावणें व दुकानांत नेऊन प्लॅस्टिकमध्यें बंद करून घेणें, हे दोन उपाय आज सर्वत्र चालतात व दोन्ही घातक आहेत. पहिल्याचा डिंक कांहीं वर्षांनीं पिवळा पडून कागदांत मुरतो; दुसरा उलटवितां येत नाहीं. चीन व जपान येथील चित्रें मढविणाऱ्या कारागिरांनीं शतकानुशतकें वापरलेली, चिकटा काढून टाकलेल्या गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ आणि लांब तंतूंचा पातळ कागद, हींच आज जगभरचे जाणते दुरुस्तीस वापरतात, कारण पाण्यानें भिजवून ती दुरुस्ती केव्हांहि काढतां येते. आपल्या जुन्या मंडळींनीं पोथ्यांस खारव्याचें वस्त्र, वेखंड व कडुनिंबाचा पाला वापरला, तोहि उपाय पेटींत ठेवलेल्या चित्रांस चालतो. मात्र पाला चांगला वाळलेला असावा व कागदास लागूं देऊं नये. ओल्या फडक्यानें वा बटाट्याच्या फोडीनें चित्र ‘उजळ’ करण्याचा मोह कोणीहि धरूं नये.

देव्हाऱ्यांतील चित्रांवर समईची काजळी, गंधाचे ठिपके, कुंकवाचीं बोटें असतात. पुष्कळ घरच्या स्त्रियांनीं चित्रांतील लुगड्यावर जर, टिकल्या, मणी चिकटवून देवीस खरेंच लुगडें नेसविलेलें असतें. कलावस्तु जमविणारे यास दोष मानतात व साफ करवून घेतात. आम्हीं याच्या सर्वस्वीं विरुद्ध आहों. छापखान्यानें हजारों प्रती एकसारख्या काढल्या; त्यांतील ही एक प्रत अमुक घरांत देव झाली, याचा दाखला तें कुंकूच आहे. चित्रकाराची सही सर्व प्रतींवर आहे, या बोटांचा ठसा एकीवरच. काजळी अंगावर येत असेल तर मऊ कोरड्या कुंच्यानें सुटी धूळ तेवढी काढावी, पुढें जाऊं नये.

पंचगंगेचा पूर हा या प्रांतांतील संग्राहकापुढील सर्वांत मोठा धोका. राजाराम बंधाऱ्यापाशीं ४३ फूट ही धोक्याची पातळी मानली जाते. २०१९ व २०२१ सालीं पाणी ५५ फुटांच्या वर चढलें. नदीकांठच्या पेठांतील घरांत त्या वेळीं काय काय भिजलें याची गणती नाहीं. भिजलेलें चित्र चौकटींतच वाळूं देऊं नये; तें काचेस कायमचें बसतें. ओलें असतांनाच सावकाश मोकळें करावें, आणि सुटत नसेल तर ओढूं नये. काच खालीं ठेवून तसेंच वाळवावें. चिखल बोटानें पुसूं नये. टीपकागदावर चित्र वर करून पसरावें, टीपकागद वारंवार बदलावा, खोलींत पंखा असावा पण वारा थेट चित्रावर नसावा, ऊन व इस्त्री यांचें नांव घेऊं नये. रोगणाचीं चित्रें एकावर एक ठेवूं नयेत. सुमारें दोन दिवसांत बुरशी धरूं लागते. तेवढ्यांत वाळविणें शक्य नसेल तर एकेक चित्र प्लॅस्टिकच्या कागदांत गुंडाळून शीतपेटीच्या बर्फाच्या कप्प्यांत ठेवावें, म्हणजे जाणता मनुष्य मिळेपर्यंत तें थांबतें. हाताचा रंग, जर वा पाण्याची शाई असलेल्या चित्रांचा क्रम यांत पहिला लावावा.

पाणी येण्याची वाट न पाहतां प्रत्येक संग्राहकानें आपल्या चित्रांची एक यादी करून वरच्या मजल्यावर किंवा परगांवच्या आप्ताकडे ठेवावी. यादींत चित्राचें नांव. रेखनाचें माप व कागदाचें माप वेगवेगळें. खालच्या कडेवरील मजकूर अक्षरशः, शुद्धलेखनाच्या चुकांसह. सही व तींतील सन. चौकटीच्या मागील चिठ्ठ्या. तें कोणाच्या घरून, कोणत्या सालीं आलें. आणि डाग कोठें कोठें आहेत, इतकें असावें. पुढच्या व मागच्या बाजूचें छायाचित्र घेतांना कडा चौकटीबाहेर काढून घ्याव्या व शेजारीं मोजपट्टी ठेवावी. कडा आधींच कापलेल्या असल्यास तसें स्पष्ट लिहावें, आणि त्याच चित्राची कडा असलेली प्रत दुसऱ्या घरीं आढळल्यास त्या घराचा निर्देश समोर करावा.